भांड्यांच्या कपाटातली काच

सौसर,
१० सप्टेंबर १९५६

ती. पुंडलिकदादांस,
देवकाचा सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी पत्र लिहीत आहे. त्याचे कारण एकच आहे, ते आधी सांगते. काल बाजारात गुणवंता कासाराच्या दुकानात भांड्यांचे नवे कपाट पाहिले. त्याच्या दारांना जुन्या काचा बसवल्या आहेत आणि मधल्या काचेत आपली आई बसली आहे. फोटोच्या मूळ काचेत सारे उलटे उमटते तसा चेहरा काळा, केस पांढरे, कुंकवाच्या जागी उजेडाचा ठिपका, आणि तिच्या अंगातून मागचे तांबे-पेले दिसतात. गुणवंता म्हणाला की पांढुर्ण्याच्या फोटोवाल्याने, म्हणजे तुम्ही, पेट्या भरभरून काचा विकायला काढल्या आहेत. सोड्याच्या गरम पाण्यात टाकून खरवडल्या की लख्ख होतात, ही एक चुकून तशीच बसवली गेली, बाईंना नको असेल तर तीही खरवडून देतो. मी त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावले आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

तीस वर्षांत फोटो काढलेली माणसे तुम्ही कपाटांच्या दारांना घालता आहात. या तालुक्यातल्या किती लग्नांचा आणि किती गेलेल्यांचा तेवढाच एक पुरावा तुमच्या पेट्यांत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. विक्री आज थांबवा.

आता विजयमालेबद्दल. मुलगी तुमची आहे, म्हणून आठवण देते. मोहगावहून विधवा होऊन आली त्याला दोन वर्षे झाली. माझ्या शाळेत मुलींना शिवण शिकवते आणि मुलींइतकीच तीही शिवणाला कंटाळते. तिचे दीर दोनदा येऊन गेले. संत्र्याच्या बागेवर राबणारे आणि न बोलणारे माणूस त्यांना हवे आहे. शाळेत मला तिला आणखी एक वर्षसुद्धा ठेवता येईल असे वाटत नाही. लहानपणी तुमच्या काळ्या खोलीच्या दाराला डोळा लावून ती उभी असे. त्या दाराच्या आत तिला घ्या आणि काचेवर फोटो काढणे, धुणे, सारे शिकवा. तुमच्यामागे हे करणारा या भागात कोणी नाही.

नोव्हेंबरच्या एक तारखेला राज्य बदलते. नागपूर मुंबई राज्यात जाईल, आपण मध्य प्रदेशात राहू आणि माझ्या शाळेचे कागद भोपाळहून येतील. दोन शिक्षिका तिकडे जाणार आहेत. त्याआधी सर्वांचा एक ग्रूप फोटो हवा. तो तुम्ही काढावा.

लोभ पूर्वी होता तेवढाच असू द्यावा. वाढवण्याची घाई नाही.

देवका


पांढुर्णा,
१९ सप्टेंबर १९५६

चि. देवकास,
पुंडलिकचे अ. आ.

तुझे पत्र मिळाले. पत्र कसले, हेडमास्तरीणबाईंचा शेरा आहे. चाळीस पोरींना धाक घालून घालून तुला वाटून राहिले की म्हातारा भाऊही बाकावर उभा राहील.

काचा माझ्या आहेत. मी विकीन, फोडीन, नाही तर सावरगावच्या लोकांना नदीवरच्या गोटमारीत दगडांऐवजी फेकायला देईन. दरवर्षी गोटमार झाली की डोके फुटलेले लोक पट्टी बांधून माझ्याकडे येत. सावरगाववाला म्हणे पट्टी दिसली पाहिजे, पांढुर्ण्यावाला म्हणे त्याच्यापेक्षा माझी मोठी दिसली पाहिजे. यंदा दुकान उघडलेच नाही. कोणाचा तरी पुतण्या डबा कॅमेरा घेऊन फिरला, त्याने सगळ्यांना उन्हात उभे करून उरकले. लोकांना तेच गोड लागून राहिले, तर मी कायले कोणाला शिकवू?

पोट्टीची गोष्ट तू काढायला नको होती. तिचा नवरा गेला तेव्हा तू बैलांची दमणी घेऊन मोहगावला गेली आणि मला न विचारता तिला सौसरला नेले. मी इकडे तिची खोली झाडून ठेवली होती. माझी मुलगी माझ्या दारावरून नेणारी तू, आता मला मुलीची आठवण देऊन राहिली.

आणि ऐक. हा धंदा लग्नांवर चालतो. मांडवात कॅमेऱ्यामागे विधवा उभी केली तर नवरीची आई फोटो काढू देईल काय? मुहूर्ताच्या वेळी पहिले तोंड तिचे दिसले म्हणून बोंब होईल. कॉलेजात तुला हे शिकवले नसेल. काळ्या खोलीचे दार लावून बाईमाणूस आत काय करते, यावर गावात बोलणारे वेगळे. शिवाय नागपूर परराज्य झाल्यावर काचा आणि औषधे कुठून आणायची ते भोपाळवाल्यांना विचारून कळव.

ग्रूपचे पाहू. गुडघा दुखतो.

लोभ आहे की नाही ते तुझा सूर बदलला की कळवीन.

पुंडलिक


सौसर,
२५ सप्टेंबर १९५६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र तपासले. ओळी उजवीकडे उताराला लागल्या आहेत, तिसरीवर चौथी चढली आहे, सहीचा शेवट पत्त्यात शिरला आहे. चौथीतल्या मुलीने असे लिहिले तर मी पुन्हा लिहायला लावते. रागाने हात हलला असे समजून सोडून देते.

मांडवाचे उत्तर सोपे आहे. फोटो घेणारा माणूस डोक्यावरून काळे कापड घेतो, ते तुमच्याच शिंप्याने शिवले आहे. त्या कापडाखाली सुवासिनी आहे की विधवा, हे तुमच्या भिंगाला कळत असेल तर तसे कळवा. म्हणजे भिंग बदलू. काळ्या खोलीबद्दल बोलणाऱ्यांना आत बोलावून दोन तास त्या वासात उभे करा, मग ते दुसऱ्या कशावर तरी बोलतील.

खोली झाडून ठेवली होती, हे तुम्ही दोन वर्षांनी कळवता. एक पोस्टकार्ड टाकले असते तर तिलाही कळले असते. ती रोज संध्याकाळी मोटारस्टँडच्या बाजूच्या खिडकीत बसायची. मी तिला कारण विचारले नाही, कारण मला माहीत होते.

येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीने ती पांढुर्ण्याला येत आहे, वळकटी घेऊन. दारातून परत पाठवलीत तर मी स्वतः येईन. मी आले की आठवडाभर राहते आणि स्वयंपाकात मला कोणी बोललेले चालत नाही, हे तुम्हाला आठवत असेल.

लोभाचा विषय तूर्त नको.

देवका


पांढुर्णा,
१४ ऑक्टोबर १९५६

ती. आत्याबाईंस,
विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

मी पोचल्याचे कार्ड टाकले होते, ते मिळाले असेल. बाबांनी ठेवून घेतले. दारात मी भर उन्हात उभी होते, तरी त्यांनी कोण आहे म्हणून विचारले. मी बोलल्यावर म्हणाले की आलीस तर ताटल्या धू. तुमचा नमस्कार सांगितला, तर म्हणाले की तिचा नमस्कारही छडीसारखा लागतो.

खोली झाडलेली होती. रोज झाडतात असे शेजारच्या अंबाबाई म्हणाल्या.

शिकवणे म्हणजे शिव्याच आहेत, पण त्यांतून काही काही हाती लागते. अंधारात काचेची लेपाची, म्हणजे फोटो उमटतो ती, बाजू कोणती ते कोपरा ओठाला लावून ओळखायचे, जी बाजू किंचित चिकटते ती. मी पहिल्यांदा जीभ लावली तर म्हणाले की हे लोणचे नाही. औषधाचे पाणी मनगटावर घेऊन पाहायचे, तापले वाटले तर ताटली ओल्या वाळूत ठेवायची, नाही तर लेप सायीसारखा सुटतो. उजेड किती द्यायचा त्याची त्यांची मोजणी आहे. भिंगाची टोपी काढायची आणि नागपूरहून येणाऱ्या मेलची स्टेशने म्हणायची: गोधनी, कळमेश्वर, कोहळी, काटोल, नरखेड. कडक उन्हात कळमेश्वर आले की टोपी लावायची, ढग असले तर नरखेडपर्यंत जायचे. ही मोजणी कोणाची म्हणून विचारले, तर माझीच म्हणाले.

एक लिहिते, पण तुम्ही त्यांना काही विचारू नका. मीही विचारलेले नाही. गिऱ्हाईक आले की बाबा त्याला बसवतात, कापडाखाली जातात, बराच वेळ आत राहतात आणि बाहेर येऊन सांगतात की आज उजेड बरोबर नाही, मग या. काल आकाश स्वच्छ होते. वाटेत ठेवलेला तांब्या त्यांच्या पायाने लवंडतो आणि शिव्या मला बसतात.

शाळेच्या ग्रूपला ते येणार नाहीत, गुडघ्याचे सांगतात. कॅमेरा घेऊन मीच येईन. नागपूरच्या मार्गाची स्टेशने माझ्या जिभेवर बसत नाहीत, घाईत एखादे सुटते. आपल्या सौसरच्या छोट्या गाडीची मला लहानपणापासून पाठ आहेत, तीही पाचच धरली की झाले. तीच म्हणेन म्हणते.

तुमची विळी घासून ठेवायची राहिली, त्याबद्दल रागावू नये. माया असू द्यावी.

विजयमाला


सौसर,
३० ऑक्टोबर १९५६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

काल ग्रूप झाला. तुम्ही आला नाहीत, त्याची मी नोंद घेतली आहे. मुलीने एकटीने कॅमेरा मोटारीच्या टपावरून उतरवला, तिपाई उभी केली आणि कापडाखालून मला सांगितले की हनुवटी खाली घ्या. या शाळेत मला हनुवटीबद्दल आजवर कोणी सांगितलेले नाही. मी खाली घेतली.

ढग होते. तिने टोपी काढली आणि पुटपुटू लागली. मी पहिल्या रांगेत मधोमध होते, मला ऐकू येत होते. सावनेर, केळवद, लोधीखेडा. आमची छोटी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबून दम घेते, तशीच तीही थांबत होती. लोधीखेड्याला मला शिंक आली ती मी दाबली. सौसर आले, मग रामाकोना, आणि तोवर जाणाऱ्या दोघींतल्या वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या वरुडला चालल्या म्हणून की पापणी न हलवल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. पण आम्ही कोणी हललो नाही.

मोजणी तुमची स्वतःची, असे तुम्ही तिला सांगितल्याचे कळले. १९२६ ची दिवाळी आठवा. नवी रेल्वे झाली होती. मी कॉलेजातून सुटीला आले होते आणि स्टेशनांची नावे दिवसभर म्हणून तुम्हाला वैताग देत होते. तुम्ही नव्या कॅमेऱ्यापुढे आईला बसवले आणि तुमची गिनती दोनदा चुकली. तिसऱ्या वेळी तुम्हीच म्हणालात की देवके, तुझी ती गाडी सोड. मी सोडली. नरखेडला तुम्ही टोपी लावली. ती काच आज गुणवंताच्या कपाटात आहे.

मोजणी कोणाची हे मला सिद्ध करायचे नाही. तुम्ही खोटे सांगू नये एवढेच. फोटो धुऊन झाला की प्रती पाठवा. दोघी शिक्षिका उद्याच रजा घेऊन जात आहेत, त्यामुळे तो पुन्हा काढता येणार नाही.

लोभाबद्दल प्रती आल्यावर.

देवका


पांढुर्णा,
६ नोव्हेंबर १९५६

ती. आत्याबाईंस,
विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या ग्रूपची काच माझ्या हातून बिघडली होती. आधी सारे वाचा, मग रागवा.

बाबांनी मला पहिल्यांदाच काळ्या खोलीत एकटीला पाठवले आणि स्वतः दाराबाहेर पाटावर बसून सांगत राहिले. पाण्यात काच घातली आणि ती काळी होत गेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मला वाटले अशीच होत असेल. धुऊन, वाळवून मी ती बाबांच्या हाती दिली. ते खिडकीपाशी गेले. काच उन्हावर धरली, एक डोळा लावला, मग दुसरा लावला. मग काच माझ्या हाती देऊन भिंतीला टेकून खाली बसले. मी काय झाले विचारले तर ऊन आहे ना म्हणाले. आहे म्हटले. मग जेवले नाहीत. कंदील लावायच्या वेळी मला जवळ बोलावून म्हणाले की पोरी, संपले, काल काचेतून खिडकीचा उजेड तरी दिसत होता, आज तोही गेला.

मी म्हणाले की बाबा, मलाही त्यात काही दिसत नाही, ती काच सगळी काळीच आहे.

त्यांनी माझ्याकडे तोंड केले आणि हसायला लागले. अंबाबाई धावत आल्या. मग त्यांनी विचारले की मोजले कसे. सांगितले. उजेड जास्त गेला की काच काळी पडते म्हणाले, आणि ज्या शिव्या दिल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. मेल धडाधड स्टेशने मागे टाकत जाते म्हणून तिची नावे धरली, आणि तू त्या रडक्या गाडीत बसून रामाकोन्याला चहा पीत बसलीस, असे बरेच काही. पण मध्ये मध्ये हसत होते.

मग सांगितले. नागपूरच्या डॉक्टरने काचबिंदू म्हणून सांगितले आहे. कडेकडेने अंधार येतो आणि गेलेले परत येत नाही. ज्या महिन्यात मी मोहगावला विधवा झाले त्याच महिन्यात हे त्यांना कळले. मला न्यायला निघाले होते, स्टेशनाच्या पायरीवर पडले आणि घरी परतले. कोणाला सांगायचे नाही असे ठरवले. पेटीतल्या काचेत कोण आहे ते दिसेनासे झाले, तेव्हा म्हणे ती काच आणि खिडकीची काच सारखीच, म्हणून विकली. आईची काच त्यांनी जाणून विकलेली नाही. हात लागेल ती पेटी दिली.

पहाटे मला उठवले. काळी पडलेली काच पातळ करण्याचे, म्हणजे लेपाचा काळेपणा उतरवण्याचे, एक पाणी असते, ते आजवर त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मापे सांगितली, माझ्याकडून परत म्हणवून घेतली. ताटली हलवत राहायची आणि क्षण साधून काच काढायची, नाही तर सगळेच विरघळून जाते. क्षण कोणता ते डोळ्यांनीच कळते. त्यांना काही दिसत नव्हते आणि मला काही कळत नव्हते. ते विचारत होते की काय दिसते, मी सांगत होते. केसांची जागा उजळली म्हटले. थांब म्हणाले. वच्छलाबाईंच्या साडीचा काठ आला म्हटले. थांब म्हणाले. मग म्हणाले की देवकाच्या कपाळावरची आठी दिसली की काढ, ती आठी चाळीस वर्षे जागची हललेली नाही. आठी दिसली. मी काढली.

चार प्रती सोबत आहेत. तुम्ही चांगल्या आल्या आहात.

माया असू द्यावी, रागावून झाल्यावर तरी.

विजयमाला


सौसर,
११ नोव्हेंबर १९५६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र विजयमाला तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मधले काही गाळू नये.

काचबिंदूबद्दल इथल्या डॉक्टरांना विचारले. इलाज नाही ही गोष्ट खरी आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याइतके आपले सध्या बरे नाही, म्हणून विचारले. सहानुभूती पाठवत नाही, ती घेण्यात तुमची सकाळ जाईल आणि सकाळचा उजेड तिला शिकायला हवा.

मात्र एक सांगते. दोन वर्षांपूर्वी हे कळवले असते तर मोहगावला जाताना मी दमणी आधी पांढुर्ण्याला आणली असती. तुम्ही न सांगून मला मुलगी पळवणारी बाई केलेत. हे मी विसरणार नाही. त्या महिन्यात मीही तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, हे तुम्ही विसरला नसालच.

आठीचे वाचले. प्रतीत ती खरोखर स्पष्ट आली आहे. शिक्षिकांनी फार कौतुक केले.

आईची काच मी सोडवून आणली. गुणवंता म्हणाला की दाराला भोक पडेल. तेव्हा माझा पदवी घेतल्याचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि त्याच्या चौकटीची काच त्याला दिली. ती चौकट तुम्हीच केली होती, त्यामुळे माप तंतोतंत बसले. काच गोधडीत गुंडाळून वच्छलाबाईंच्या हाती देत आहे. राहिलेले सामान नेण्यासाठी त्या आल्या आहेत, वरुडला जाताना तुमच्या दारी उतरतील. मी येत नाही. आले तर भांडण होईल आणि शिकवणे थांबेल.

काच मिळाली की जे काय मुलीच्या हाती दिले त्याची नोंद पाठवा. मला तोंडी चालत नाही.

देवका


पांढुर्णा,
२८ नोव्हेंबर १९५६

चि. देवकास,
पुंडलिकचे अ. आ.

हे पत्र पोट्टी लिहून राहिली, म्हणून ओळी सरळ आहेत. गुण द्यायचे तर तिला दे.

परवा रामाकोन्याला लग्नाचा फोटो केला. ती कापडाखाली, मी बाहेर टोपी धरून. नवरीच्या आईने विचारले की आत कोण आहे. मी म्हणालो माझी मुलगी. कोणती, मोहगावची काय, म्हणाली. मी म्हणालो मला एकच आहे. बाईने मान फिरवली. मी मोजणी सुरू केली, थांबलो नाही. फोटोत नवरा-नवरी झकास आले आणि बाई मान फिरवलेलीच आली. आता तिच्या घरच्या भिंतीवर ती जन्मभर अशीच राहील. तिने दुसरी प्रतही मागितली आहे.

तुला यायचे तर ये. भांडण इथेही होऊन राहिले, रोज. एक माणूस वाढल्याने काही बिघडणार नाही. लोभाचे म्हणशील तर तो उपसला नाही, आटलाही नाही.

तू मागितलेली नोंद खाली.

पुंडलिककडून विजयमालेस दिले: मोठा कॅमेरा, तिपाई आणि काळे कापड. भिंग, टोपीसह. ताटल्या आणि लाल कंदील. काळ्या खोलीची किल्ली. उरलेल्या काचांच्या पेट्या, ज्यांत कोण आहे ते मी विचारतो आणि ती पाहून सांगते. औषधांची मापे तोंडी दिली, तिने परत म्हणून दाखवली. काळी काच पातळ करण्याचे पाणी. मोजणी, गोधनी ते नरखेड, मेलच्या वेगाने. मोजणी देवकाची आहे, माझ्याकडे तीस वर्षे वापरायला होती.

देवकाकडून मिळाले: आईची काच, एक, खालच्या कोपऱ्यात टवका गेलेला. पुढचे माझे, विजयमालेचे: कोणत्या बाजूने धरली आहे ते सांगू नको, असे बाबा मला म्हणाले. त्यांनी कोपरा ओठाला लावून पाहिला. लेपाची बाजू शाबूत आहे.